बारा नंबरचं दूध कुठं गेलं? डेअरीच्या पहिल्या प्रोग्रॅममधला इनपुटचा घोळ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावची दूध डेअरी. सभासद ८३, सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. वहीतला हिशेब संगणकावर यावा म्हणून गावातल्याच एका मुलानं पायथन या संगणकभाषेत सुमारे १२० ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. मुलगा बेळगावात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. काम साधं होतं: सभासद नंबर विचारायचा, लिटर विचारायचे, दरानं गुणायचं, दहा दिवसांनी प्रत्येकाची बेरीज छापायची. पहिल्या आवृत्तीत फॅट नव्हतं, सरसकट ३६ रुपये लिटर असा दर धरला होता.

पहिल्याच बिलाला बारा नंबरचे सभासद चिठ्ठ्यांची जुडी घेऊन आले. “चिठ्ठ्या हैत की माझ्याकडं, घाला बेरीज.” सेक्रेटरी काकांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ९६.५ लिटर. संगणकाचं बिल ६१ लिटरचं. ३५.५ लिटरचा फरक, म्हणजे १,२७८ रुपये. दहाही दिवस प्रोग्रॅम एकदासुद्धा बंद पडला नव्हता, लाल अक्षरात एकही चूक दाखवली नव्हती. प्रोग्रॅम बंद पडला की निदान कुणीतरी बघतं. चुकीचं बिल मात्र शांतपणे छापलं जातं आणि नुकसान चिठ्ठ्या जपून न ठेवणाऱ्याचं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहोत.

एक सूचना आधी. पायथनचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना ते इंग्रजीतच घालायचे.

आधी बघायचं कुठं

मुलानं पहिल्यांदा बेरजेचा लूप तपासला. तो बरोबर होता. मग गुणाकार तपासला, तोही बरोबर. नवशिक्याचा वेळ बहुतेकदा इथेच जातो: उत्तर जिथं चुकीचं दिसतं तिथंच चूक शोधली जाते. इनपुटची चूक मात्र दिसते त्या ओळीच्या बरंच आधी, माहिती आत येते त्या क्षणी घडलेली असते.

योग्य पहिला प्रश्न एकच होता. खाती किती? सगळ्या नोंदी एका डिक्शनरीत होत्या, सभासद नंबर ही किल्ली आणि लिटरची बेरीज ही किंमत. ‘लेन’ लावून मोजल्यावर आकडा आला ९७. सभासद ८३ आणि खाती ९७. चौदा खाती जास्तीची.

मग सगळ्या किल्ल्या छापल्या. पडद्यावर १२ नंबर चार वेळा दिसला, त्यातले दोन तर डोळ्यांना अगदी सारखे. इथं साधा प्रिंट कामाचा नाही. किल्ली ‘रेप्र’मध्ये गुंडाळून छापली की मजकूर अवतरणचिन्हांसकट दिसतो आणि मागची मोकळी जागा उघडी पडते. ‘ॲस्की’मध्ये गुंडाळली तर इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकानं दिसतं (युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत). बारा नंबरची चार खाती अशी निघाली: इंग्रजी अंकांतला १२, त्यावर ६१ लिटर. मराठी अंकांतला १२, त्यावर २४ लिटर. इंग्रजी १२ आणि पुढे एक मोकळी जागा, त्यावर ६.५ लिटर. आणि इंग्रजी अंकांत शून्य-एक-दोन, त्यावर ५ लिटर. बेरीज ९६.५. चिठ्ठ्यांशी तंतोतंत जुळली.

आणखी एका सभासदाच्या नावावर कन्नड अंकांतलं खातं सापडलं. आपल्या भागात हे होणारच. दुधाची नोंद इंग्रजी अंकांत, गावकऱ्यांची नावं मराठीत, तालुक्याला जाणारं पत्र कन्नडमध्ये, आणि तिन्हीसाठी कीबोर्ड एकच. पत्र लिहून झाल्यावर भाषा परत बदलायची राहून गेली की पुढची नोंद कन्नड अंकांत पडते.

एकच माणूस, एकच नंबर, चार रूपं का?

इनपुट हे फंक्शन नेहमी मजकूर देतं, संख्या कधीच देत नाही. तुम्ही १२ टंकलं तरी प्रोग्रॅमच्या हातात पडतात दोन अक्षरं. आणि अक्षर म्हणजे एक क्रमांक. इंग्रजी शून्याचा युनिकोड क्रमांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६, कन्नड शून्याचा ३३०२. ‘ऑर्ड’ हे फंक्शन हा क्रमांक दाखवतं. वाचणाऱ्याला बारा म्हणजे बाराच, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या डिक्शनरीला हे तीन निराळे शब्द.

प्रत्येक रूपामागे ठोस कारण होतं. सकाळी काका डेस्कटॉपच्या कीबोर्डवर उजवीकडच्या अंकपट्टीवरून नंबर टाकत, तिथून सहसा इंग्रजीच अंक उमटतात. संध्याकाळी नोंद लॅपटॉपवर होई. त्याला वेगळी अंकपट्टी नाही आणि कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असला तर वरच्या ओळीतून मराठी अंक येत. मोकळी जागा आली ती उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्या कीबोर्डमुळे. तिथे शब्द पक्का करायला स्पेसबार दाबायची सवय लागते आणि ती सवय नंबर टाकतानाही सुटत नाही. शून्य-एक-दोन आलं सभासद कार्डावरून, कारण कार्डावर तसंच छापलं होतं. कार्ड बघून टाकणाऱ्यानं चूक केलीच नव्हती.

यातल्या एकाही गोष्टीसाठी टंकणाऱ्याला बोल लावता येणार नाही. समोर रांग असते, कॅनमधलं दूध वाट बघत असतं. चार रूपांत आलेला बारा एका रूपात आणणं हे प्रोग्रॅमचंच काम.

दुरुस्ती एका शब्दाची होती. नंबर घेतल्या घेतल्या ‘इंट’मधून, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या फंक्शनमधून, काढायचा. पायथनचं इंट मराठी अंक ओळखतं, कन्नड ओळखतं, पुढची-मागची मोकळी जागा स्वतःच झटकतं आणि सुरुवातीचं शून्य टाकून देतं. चारही रूपांचं उत्तर एकच, बारा. मग मुलानं ते आधीच का नाही लावलं? त्याचं म्हणणं होतं, नंबरावर गणित करायचं नाही, मग संख्या कशाला करायची? हा विचार मुळात चांगला आहे आणि बँक खात्याच्या नंबराला तो तंतोतंत लागू पडतो. खाते नंबराच्या सुरुवातीचं शून्य इंटनं खाल्लं तर पैसे जायचेच नाहीत. तिथे मजकूर मजकूरच ठेवायचा, फक्त एकेक अक्षर घेऊन ते अंक असेल तर इंग्रजी अंकात बदलायचं. अक्षर अंक आहे का हे बघायला ‘इझडेसिमल’ वापरा, ‘इझडिजिट’ नको. इझडिजिट वर लिहिलेल्या छोट्या दोनालाही, म्हणजे वर्गाच्या चिन्हालाही, होकार देतं आणि पुढे इंट त्यावर अडखळतं.

लिटरचा प्रश्न निराळा

लिटरच्या बाबतीत मुलाला ठेच आधीच लागली होती. अगदी पहिल्या चाचणीत त्यानं ५ लिटर टाकले आणि रकमेच्या जागी पाचाचा आकडा सलग ३६ वेळा छापला गेला. मजकुराला पूर्ण संख्येनं गुणलं की पायथन तो मजकूर तितक्या वेळा जोडून देतं. दर ३६.५० असता तर प्रोग्रॅम तिथेच थांबला असता, कारण मजकूर साडेछत्तीस वेळा जोडता येत नाही. म्हणजे दर पूर्ण रुपयात होता म्हणूनच चूक इतकी विचित्र दिसली. त्यानं इंट लावलं, मग ५.५ लिटरला व्हॅल्यूएरर आला, म्हणजे ‘या मजकुराची संख्या होत नाही’ अशी चूक. इंटला दशांश चिन्ह असलेला मजकूर चालत नाही. शेवटी दशांश संख्या करणारं ‘फ्लोट’ लावलं आणि गाडी चालू झाली.

फ्लोटसुद्धा मराठी अंक घेतं. स्वल्पविराम मात्र घेत नाही, आणि टिंबाशेजारीच स्वल्पविरामाची कळ असल्यामुळे ५,५ असं वरचेवर पडतं. लिटरपुरता स्वल्पविरामाचा टिंब करून घेणं ठीक आहे. रुपयांना हीच युक्ती लावू नका, १,२५० चे सव्वा रुपये होतील.

खरी भीती आहे न पडलेल्या टिंबाची. ५.५ ऐवजी ५५ पडलं तर फ्लोटची काहीच तक्रार नाही. म्हणून मर्यादा हवी. या गावात एका सभासदाचं एका वेळचं दूध ३० लिटरच्या वर जात नव्हतं, म्हणून ०.२ ते ३० ही मर्यादा धरली. मर्यादा गावाच्या वहीतून काढायची, अंदाजानं नाही. पुढे फॅटची नोंद जोडली तेव्हा तिथेही हेच केलं. गाईचं फॅट साधारण साडेतीन-चारच्या आसपास, म्हशीचं सहा-सातच्या पुढे. २ ते १२ एवढी मोकळी मर्यादा ठेवली तरी ४.२ ऐवजी पडलेलं ४२ पकडलं जातं.

मर्यादेची अट कशी लिहायची याला महत्त्व आहे. ‘कमी असेल किंवा जास्त असेल तर नाकार’ असं लिहिण्यापेक्षा ‘दोन्हींच्या मध्ये असेल तरच स्वीकार’ असं लिहा. फ्लोट ‘नॅन’ (अर्थ: ‘संख्या नाही’) हा शब्दसुद्धा संख्या म्हणून स्वीकारतं, आणि त्याच्याशी केलेली मोठं-लहानची कुठलीही तुलना खोटी ठरते. पहिल्या पद्धतीत तो गुपचूप आत शिरतो, दुसरीत बाहेर राहतो. डेअरीत कुणी नॅन टंकणार नाही हे खरं. पण बाहेरून आलेल्या फाइलीत तो येऊ शकतो, आणि एकदा बेरजेत मिसळला की ती अख्खी बेरीजच नॅन होते.

सगळं एकत्र केल्यावर फंक्शन असं झालं:

डेफ लिटर_घ्या(प्रश्न, किमान, कमाल):
    व्हाइल ट्रू:
        मजकूर = इनपुट(प्रश्न).स्ट्रिप().रिप्लेस(",", ".")
        ट्राय:
            संख्या = फ्लोट(मजकूर)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            प्रिंट("हा आकडा समजला नाही:", रेप्र(मजकूर))
            कंटिन्यू
        इफ किमान <= संख्या <= कमाल:
            रिटर्न संख्या
        प्रिंट(किमान, "ते", कमाल, "च्या मधला आकडा टाका")

ट्राय म्हणजे ‘करून बघ’, एक्सेप्ट म्हणजे ‘चूक आली तर हे कर’. ट्रायच्या आत एकच ओळ आहे, ती तशीच राहू द्या. मुलाच्या आवृत्तीत अख्खी नोंद, विचारण्यापासून बेरजेत मिळवण्यापर्यंत, एका ट्रायमध्ये होती आणि खाली नुसतं ‘एक्सेप्ट’, कुठल्या चुकीसाठी ते न सांगता. परिणाम दोन झाले. नंतर एकदा त्यानं ‘दर’ या चलाचं नाव चुकीचं लिहिलं. तो नेमएरर, म्हणजे अनोळखी नावाची चूक होती, पण पडद्यावर आलं ‘चुकीची माहिती, परत टाका’. काका बरोबर आकडा परत परत टाकत राहिले. दुसरं म्हणजे कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबेना, कारण नुसतं एक्सेप्ट तीही खूण गिळतं. शेवटी खिडकी बंद करावी लागली आणि त्या सकाळच्या नोंदी गेल्या, कारण फाइल अगदी शेवटी लिहिली जात होती. आता प्रत्येक नोंद झाल्या झाल्या फाइलीच्या शेवटी जोडली जाते. पावसाळ्यात खानापूरकडं लाइट किती वेळा जाते हे माहीत असलेल्यानं ही दुरुस्ती पहिल्या दिवशीच करावी.

व्हाइलच, म्हणजे बरोबर आकडा मिळेपर्यंत फिरणारा लूपच का, हाही प्रश्न आला. मुलाच्या फंक्शनमध्ये चूक झाली की फंक्शन स्वतःलाच परत बोलवत होतं, पण त्या ओळीच्या आधी ‘रिटर्न’ नव्हतं. पहिल्याच फटक्यात आकडा बरोबर पडला तर सगळं नीट. एकदा चुकून मग बरोबर टाकला तर आतल्या फंक्शनला आकडा मिळे, बाहेरच्याच्या हाती मात्र ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येई आणि पुढं गुणाकारात टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारची माहिती मिळाल्याची चूक. स्वतः चाचणी घेताना माणूस बरोबर आकडेच टाकतो, म्हणून हे त्याला कधी दिसलंच नव्हतं.

हो म्हटलं तरी हो, नाही म्हटलं तरी हो

नोंद संपली की प्रोग्रॅम विचारायचा, ‘आणखी नोंद आहे का?’ काहीही उत्तर दिलं तरी पुढची नोंद सुरू. अट अशी होती: उत्तर बरोबर ‘हो’ किंवा ‘होय’. बोलताना हे वाक्य बिनचूक आहे. पायथन मात्र ते दोन वेगळ्या प्रश्नांत वाचतं: उत्तर ‘हो’ आहे का, किंवा ‘होय’ खरं आहे का? आणि रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथनला खराच. त्यामुळे अख्खी अट कायम खरी. दुरुस्ती म्हणजे मान्य उत्तरांचा संच करून उत्तर त्यात ‘इन’ आहे का हे विचारणं.

पण संचात काय काय घालणार? हो, होय, व्हय, कन्नड लिपीतलं हौदु, इंग्रजी वाय मोठं आणि छोटं. ही यादी संपत नाही. इथं शब्द विचारूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. ‘पुढची नोंद: १, थांबा: २’ असं विचारलं की उत्तर नंबरासाठी लावलेल्या त्याच इंटमधून जातं आणि तिन्ही लिपींचा प्रश्न आपोआप सुटतो.

एक नंबरचा सभासद सापडेना

हे सगळं झाल्यावर एक अडचण उरली. नावांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून घेतली होती, वर मथळ्याची ओळ नव्हती. ८२ नावं बरोबर वाचली जात, पहिल्या ओळीवर मात्र व्हॅल्यूएरर. रेप्रनं छापल्यावर एकाच्या आधी ‘फेफ’ असं काहीसं सांकेतिक दिसलं. एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही जतन करताना फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं, ती पहिल्या नंबराला चिकटली होती. स्ट्रिप ती काढत नाही, कारण पायथनच्या लेखी ती मोकळी जागा नव्हे. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८-सिग’ असं दिलं की खूण निघून जाते. एन्कोडिंग न देता विंडोजवर फाइल उघडली तर मराठी लिहिताना वेगळीच अडचण येऊ शकते, म्हणून ते प्रत्येक ठिकाणी लिहून द्यावं.

नावं श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटमधून चिकटवली असतील तर ती प्रोग्रॅममध्ये भलत्याच अक्षरांत दिसतील. त्या फाँटांत अक्षर मराठी-कन्नड दिसत असलं तरी आतले क्रमांक युनिकोडचे नसतात. तिथे प्रोग्रॅममध्ये काही करायचं नाही, यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायची.

आणि नावावरून शोध घेऊ नका. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टंकता येतं: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि मग अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण ऱ आणि नुक्त्याच्या र ची जोडी एक करतं, पण जोडचिन्हाचं रूप तसंच सोडतं. शोध नावावरूनच हवा असेल तर र-हलन्त-जोडचिन्ह या तीन अक्षरांच्या जागी ऱ-हलन्त घालणारी ओळ आपणच लिहावी लागते.

जुनी फाइल कशी सांधली

प्रोग्रॅम सुधारला तरी दहा दिवसांच्या चुकीच्या नोंदी होत्याच. आधी मूळ फाइलीची प्रत पेन ड्राइव्हवर काढली. मग एक छोटा वेगळा प्रोग्रॅम लिहिला: ओळ वाचायची, नंबर इंटमधून काढायचा, नव्या फाइलीत लिहायची. दोन गोष्टी पडताळल्या. सगळ्या गावाची लिटरची एकूण बेरीज आधी आणि नंतर सारखीच हवी, कारण खाती एकत्र झाली तरी दूध वाढत नाही की घटत नाही. आणि खात्यांची संख्या ८३ च्या वर जाता कामा नये. त्यानंतर एकाच सभासदाच्या, एकाच तारखेच्या, एकाच वेळेच्या दोन नोंदी शोधल्या. त्या आपोआप पुसल्या नाहीत. काहींच्या घरी गाय आणि म्हैस दोन्ही असतात, कॅन दोन येतात. ती यादी काकांपुढे ठेवली आणि त्यांनी चिठ्ठ्या बघून ठरवलं.

हातात देण्याआधी काय टाकून बघायचं

लिटरच्या प्रश्नाला पुढचं एकेक टाकायचं: नुसतं एंटर. फक्त स्पेस. ५. ५.५. ५,५. मराठी ५.५. कन्नड ५.५. पुढे-मागे स्पेस असलेलं ५.५. ५५. शून्य. उणे पाच. ‘पाच’ हा शब्द. दोन टिंबांचं ५..५. नॅन. पाच आणि पाचच्या मध्ये खालची रेघ, कारण पायथन ३.६ पासून फ्लोट ती रेघ सोडून ५५ वाचतं आणि मर्यादा लावलेली नसेल तर तो आकडा आत जातो. प्रत्येकासमोर कागदावर आधी लिहायचं की स्वीकार हवा की नकार, आणि मगच टाकायचं. शेवटी एक चुकीचा आकडा आणि लगेच एक बरोबर, ही जोडी. रिटर्न विसरल्याची चूक याच जोडीत सापडते.

ही चाचणी मुलानं स्वतः घेतली आणि मग काकांना बसवलं, त्यांच्याच लॅपटॉपवर, कीबोर्ड मराठीवर ठेवून. काकांनी पहिल्याच नोंदीला नंबराच्या जागी ‘१२ पाटील’ असं टाकलं, वहीत ते तसंच लिहितात म्हणून. प्रोग्रॅमनं ‘हा नंबर समजला नाही’ म्हणून तो मजकूर अवतरणात परत दाखवला, काकांनी पाटील खोडलं आणि पुढं गेले.